दमलेल्याचं ओझं

पेल्टन, फ्लोरिडा
बुधवार दुपार

प्रिय व्हर्नेल,

शनिवारपासून तुला फोन लावतेय. वाजतो, वाजतो आणि मग ती बाई सांगते, निरोप ठेवा. मी निरोप ठेवणारी बाई नाही हे तुला माहीत आहे. मला जे सांगायचं ते मी तोंडावर सांगते, आणि तोंड समोर नसेल तर कागदावर. फोन न उचलणं सोपं असतं, पण मिस अर्नेस्टीनच्या हातचं पत्र न वाचता फेकण्याइतका तू निर्ढावलेला नाहीस, असं मी धरून चालते. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. ती मी शेवटी मागणार आहे, कारण तुझी लहानपणापासूनची खोड मला ठाऊक आहे. पहिलं वाक्य ऐकलं की तू दाराकडे बघायला लागतोस. तेव्हा आधी बूड टेक आणि मग वाच.

मी मागच्या ओसरीवर जाळीच्या दाराशी बसलेय, कारण स्वयंपाकघर माझ्या हातातून गेलंय. सिस्टर ओफिलिया आणि चर्चच्या बाकीच्या बायकांनी ते ताब्यात घेतलंय आणि घासलेली भांडी पुन्हा घासताहेत. ओट्यावर हॅम आहेत, मॅकरोनीचे ट्रे आहेत, रताळ्याच्या पाईंची चळत आहे. फ्रिजचं दार लागेना म्हणून त्याला खुर्ची टेकवून ठेवलीय. एवढं कोण खाणार असं विचारलं तर म्हणतात, माणसं येतील. कालव्यापलीकडचा उसाचा फड तोडणीआधी पाचट जाळायला काल पेटवला, त्याची राख अजून उडतेय आणि कागदावर पडतेय. बोटाने पुसू नकोस, नुसतं झटक, नाहीतर अक्षरांवर काळं पसरेल. पण हे तुला काय सांगायचं.

तू पहिल्यांदा या ओसरीवर आलास तेव्हा असाच राखेने माखलेला होतास. तुझी आई त्या हंगामात कामासाठी किनाऱ्याकडे गेली होती, तुला मावशीकडे टाकून, आणि मावशीला स्वतःचीच पोरं खाऊ घालणं जड जात होतं. माझा डेलरिक तुला फडावरून घेऊन आला. तुम्ही दोघांनी सशाच्या मागे जायला तेव्हाच सुरुवात केली. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. फड पेटला की पाचट कडाडायचं, धूर आभाळाला लागायचा आणि ससे बाहेर पडायचे. कुणाचे कान करपलेले, कुणाच्या पाठीवरचे केस धुमसत असलेले. गावातली पोरं काठ्या घेऊन कडेला उभी असायची आणि जे बाहेर येईल त्याला ठेचायची. डेलरिकने कधी काठी घेतली नाही. तो हातांनीच पकडायचा. तो पाठीमागून पळायचा आणि तू पलीकडे वाट अडवून उभा राहायचास, ससा वळवायला. तुझ्याकडून वळला की तो डेलरिकच्या हातात यायचा. आणि मान तू मोडायचास. डेलरिकला ते जमायचं नाही. हातातला ससा धडधडायला लागला की त्याचा चेहरा पडायचा आणि तो तुझ्याकडे बघायचा.

त्यात आपल्या गावचा नियम. कुणी केला कुणास ठाऊक, हॉरेसच्या बापाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून चालत आलाय. जो पळाला त्याने ओझं उचलायचं नाही. ज्याने वाट अडवली त्याने ससा घरापर्यंत न्यायचा आणि पळणाऱ्याच्या आईच्या हातात द्यायचा. दमलेल्याचं ओझं दुसऱ्याने उचलायचं. दारुडे हा नियम पाळायचे, चोरसुद्धा पाळायचे. पण डेलरिकने पहिला मोठा ससा धरला तेव्हा त्याला तो स्वतःच मला आणून द्यायचा होता. तू त्याच्या नाकावर ठोसा मारलास. त्याने तुझा ओठ फाडला. मग जाळीचं दार वाजलं, मी बघते तर तू उभा, हनुवटीवरून रक्त ठिबकतंय, हातात ससा मागच्या पायांनी धरलेला. "पळाला तो, आणलाय मी," असं म्हणालास. मागे डेलरिक नाक धरून फुरफुरत होता. मी दोघांच्या टाळक्यात एकेक ठेवून दिली आणि दोघांना जेवायला बसवलं. त्यानंतर दर खेपेला तू तेच म्हणायचास, तसाच छाती काढून. आज मी ते वाक्य स्वयंपाकघरात कुणाला सांगायला गेले, पण पुरं करता आलं नाही.

मग शाळेच्या फुटबॉलसाठी, त्या धडका मारायच्या खेळासाठी, तुम्ही कोच टिलमनच्या हाती लागलात. त्याने गवतावर दोन जाड दोर टाकले, त्यांच्यामधे दोन पोरं समोरासमोर उभी केली आणि शिट्टी मारली. दोरांच्या बाहेर जायचं नाही आणि एक जण आडवा पडेपर्यंत थांबायचं नाही. कडेला बापांची रांग, सगळे ओरडताहेत, आणि सगळ्यांत मोठा आवाज आमच्या हॉरेसचा. मी ट्रकमध्ये बसून बघत होते. डेलरिकला तू पहिल्याच धडकेत पालथा केलास. तो उठला, पुन्हा पडला. ओकला, तोंड पुसलं आणि पुन्हा दोरांमधे जाऊन उभा राहिला. शेवटी कोचच पुढे आला. म्हणाला, या पोराला भिडवू नका, मोकळ्यात सोडा आणि याच्याकडे चेंडू फेका. तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, हा माझा हातोडा. तुमची दोघांची आयुष्यं त्या एका संध्याकाळी ठरली. हॉरेसने घरी आल्यावर पट्टा काढला, कारण त्याचा मुलगा चार माणसांत आडवा झाला होता. मी मधे गेले म्हणून त्यातले काही फटके माझ्या वाट्याला आले. हॉरेसला देवाने लवकर नेलं. मी रडले, पण फार नाही.

लोकांना वाटतं चेंडू पकडणं कठीण. मी जन्मभर बघितलंय, कठीण ते नव्हेच. रांगेच्या टोकाला एकट्याने उभं राहायचं, इशारा झाला की जीव खाऊन पळायचं, आणि चेंडू वरून येतो म्हणून वर बघायचं. जो वर बघतो त्याला समोरून कोण येतंय ते दिसत नाही. दिसलं तरी हात खाली घ्यायचे नसतात. एकदा जरी हात खाली घेतले, तरी त्या पोराकडे आपल्या गावात पुन्हा कुणी चेंडू फेकत नाही. डेलरिकने कधी घेतले नाहीत. शाळेच्या शेवटच्या आधीच्या वर्षी तळ्यापलीकडच्या शाळेच्या दोघांनी त्याला मधे धरून असा फोडला की तो उठला आणि सरळ त्यांच्याच बाकावर जाऊन बसला. सगळं मैदान हसलं. शुद्धीवर आणायला त्याच्या नाकाखाली अमोनिया धरला, त्याला फिरवून आपल्या बाजूला आणला, आणि त्याने शेवटचा चेंडू पकडून सामना जिंकून दिला. घरी येताना मला विचारतो, ममा, आपण जिंकलो का? न्हाव्याच्या दुकानात ती गोष्ट किती वर्षं हसून सांगितली गेली ते तुला माहीत आहे. काल कोच टिलमन इथे ओसरीवर येऊन बसला होता. तीच गोष्ट सांगायला लागला आणि अर्ध्यावर थांबला.

पुढे कॉलेजं झाली आणि मग पैसे घेऊन खेळायचे मोठे खेळ. तू दक्षिणेतल्या संघात, तो उत्तरेच्या त्या बर्फाळ गावाच्या संघात. एका ईस्टरला दोघे एकदम घरी आलात आणि याच टेबलावर बसून मला तुमची हुशारी सांगितलीत. हंगामाआधी डॉक्टर पाच शब्द सांगतो आणि थोड्या वेळाने विचारतो. तुम्ही म्हणे मुद्दाम दोनच सांगता. मी विचारलं, का रे, बाकीचे विसरता? तेव्हा तू कोंबडीची तंगडी हातात धरून मला समजावलंस. "विसरत नाही मिस अर्नेस्टीन, ठेवून देतो. पुढे डोक्याला मार लागला आणि खरंच दोनच आठवले, की डॉक्टर म्हणणार, हा पोरगा पहिल्यापासून एवढाच आहे, जाऊ दे खेळायला." डेलरिक एवढा हसला की त्याला ठसका लागला. शाळेतल्या धाकट्या पोरांनाही तुम्ही ते शिकवून ठेवलं होतं, आणि पोरं ते देवाच्या आज्ञेसारखं पाळायची. शिकलेल्या माणसांना मूर्ख बनवल्याचा गावाला अभिमान होता. मीही तुम्हाला आणखी भात वाढला.

आता तुमचे दोन संघ समोरासमोर आले त्या सामन्याचं. तू इतकी वर्षं ज्याच्यापासून पळतोयस ते मी लिहिणार आहे, आणि तू ते वाचणार आहेस. मी तिथे होते. सिस्टर ओफिलियाने मला तुमच्या दोन जर्सी मधोमध कापून एक शिवून दिली होती, उजवी बाजू त्याची, डावी तुझी. थंडी अशी की दात वाजत होते, म्हणून कोटावरून घातली होती. चेंडू उंच आला. फेकणाऱ्याने घाईत फेकला. डेलरिक मैदानाच्या मधून आडवा पळत होता आणि त्याला उडी घ्यावी लागली. दोन्ही हात वर, बरगड्या उघड्या, गळा उघडा. तू समोरून आलास, डोकं खाली, खांदा पुढे. त्या धडकेचा आवाज मला वरच्या रांगेत आला. ओला बुंधा कुऱ्हाडीने फुटतो तसा होता. त्याचं डोकं मागे गेलं, मग जमिनीवर आपटलं आणि हेल्मेट निघून घरंगळत गेलं. तो पाठीवर पडला. नाकातून, कानातून रक्त. आणि हात वरच राहिले, व्हर्नेल. ताठ, बोटं उघडी. डॉक्टरांनी खाली दाबले तरी खाली येईनात.

सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं. माझ्या शेजारच्या माणसाने मला मिठी मारली आणि तो नाचायला लागला. त्याला माझी डावी बाजू दिसली असणार, तुझी. आणि तू छाती ठोकत होतास. कुणाला पाडलंय हे तुला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस. पळण्याची ती ढब तू शंभरांत ओळखली असतीस. तरी छाती ठोकलीस, कारण तुझा तो धंदाच होता, आणि मान मोडायचं काम पहिल्यापासून तुझंच. मग तू त्याचे ते हात बघितलेस आणि तिथेच गवतावर बसलास. दोघांनी काखेत धरून तुला बाहेर नेलं. मी तुला शिव्या दिल्या. चर्चला जाणाऱ्या बाईला माहीतही नसाव्यात अशा दिल्या. घरी आल्यावर कात्री घेतली आणि जर्सीची तुझी बाजू उसवून काढली. ती कचऱ्यात टाकायला दारापर्यंत गेले, परत आले, आणि दुसऱ्या दिवशी बोटं टोचून घेत पुन्हा शिवली. माझ्या शिवणाची तुला कल्पना आहेच. वाकडी झालीय.

हॉस्पिटलखाली तू दिवसभर गाडीत बसून होतास, हे मला तिथल्या नर्सने सांगितलं. वर आला नाहीस. पुढे पेल्टनलाही आला नाहीस. तुझ्या मावशीच्या मयतालासुद्धा नाही, फुलं पाठवलीस. मला त्या फुलांचा जेवढा राग आला तेवढा त्या धडकेचाही आला नव्हता.

आणि तुला जे कुणी सांगितलेलं नाही ते आता ऐक. मला हे रोशेलने सांगितलं, त्याच्या बायकोने, आणि तेही ती सोडून जाताना. तुमच्या त्या सामन्याआधी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या खेळात, त्याच्या डोक्यावर कुणाचा तरी गुडघा बसला होता. घरी आला तो त्याला सगळं दोन-दोन दिसत होतं. जेवणाचं ताट टेबलावर म्हणून टेबलाबाहेर ठेवलं. रात्रभर ओकत होता. डॉक्टरने शब्द विचारले तर त्याला दोनच आठवले. या खेपेला काही ठेवून दिलेलं नव्हतं, खरंच दोनच. डॉक्टरने जुनी नोंद बघितली आणि म्हणाला, नेहमीसारखाच आहे. म्हणजे तुझ्यासमोर आला तो आधीच तडा गेलेला आला होता. आणि तुझ्यानंतर तो घरी बसला असं वाटतं का तुला? बरा झाल्याचं सोंग करून आणखी दोन हंगाम खेळला, आणखी कितीकांनी त्याला आपटला. तेव्हा त्याला तू एकट्याने संपवलंस अशा थाटात मिरवू नकोस. तू तेवढा मोठा नाहीस. तुझा वाटा आहे, तो मी नाकारणार नाही, नाकारला तर खोटं होईल. पण वाटा आहे, आख्खा ससा नाही.

त्याचं पुढचं तुझ्या कानावर आलं असेल, पण कानावर येणं वेगळं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याने रोशेलचं मनगट मोडलं, दाराच्या फटीत धरून. कशावरून, तर तिने दिवा लावला म्हणून. ती पोरीला घेऊन गेली आणि बरं केलं, मीच तिची बॅग गाडीत ठेवली. मग तो माझ्याकडे आला. या घरात एक भिंत धड नाही. मुठीने भोकं पाडायचा, मग रडत रडत स्वतःच बुजवायचा, मग पुन्हा पाडायचा. शेजारच्या कुत्र्याला त्याने कुंपणावर आपटून मारलं, आणि संध्याकाळी त्याच कुत्र्याला हाका मारत फिरत होता. गेल्या वर्षी एका सकाळी त्याला त्याचा चमचा सापडेना. मी म्हटलं, हा काय समोर. त्याने माझा गळा धरला. ज्या हातांतून कधी काही सुटलं नाही ते हात, व्हर्नेल. माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं तेव्हा माझ्या हाताला बिडाचा तवा लागला. मी त्याच्या कोपरावर मारला, तरी सोडेना. मग कानावर मारला. त्या डोक्यावर, ज्याने आधीच एवढं सोसलं होतं. तो खाली बसला, माझ्याकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "ममा, तुझ्या गळ्याला काय झालं?"

लोक म्हणाले, त्याला कुठेतरी ठेव. मी ठेवला नाही. कारण फड पेटायच्या दिवसांत तो माझा जुना डेलरिक व्हायचा. राखेचा वास आला की त्याचा जबडा सैल व्हायचा, मुठी उघडायच्या. कालव्याच्या बांधावर जाऊन उभा राहायचा आणि मला विचारायचा, "व्हर्नेल पलीकडे आहे ना?" मी म्हणायचे, आहे रे. मग तो म्हणायचा, "मग ठीक." बास, एवढंच. तो सामना त्याच्या डोक्यात उरलेलाच नव्हता. तू त्याला पाडलंस हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याचे दात पाडले असते. त्याच्या डोक्यात तू फडाच्या पलीकडे उभा होतास, फाटक्या ओठाचा, ससा वळवायला. मी दरवेळी आहे म्हणायचे आणि दरवेळी मला तुझा असा संताप यायचा की सांगता सोय नाही, कारण तू नव्हतास.

शनिवारी मी मासे तळत होते. तो अनवाणीच गेला. साखरवाल्यांनी फड तीन बाजूंनी पेटवला होता आणि चौथ्या बाजूला ट्रॅक्टर वळत होता. त्या ट्रॅक्टरवाल्याने मला रडत रडत सांगितलं, तो गावातलाच आहे, त्याचा काही दोष नाही. एक ससा बाहेर आला, माणूस बघून बिथरला आणि उलटा आत शिरला. डेलरिक त्याच्यामागे गेला. ट्रॅक्टरवाला ओरडला, उडी टाकून पळाला, पण डेलरिकला पळून गाठणारा माणूस या गावात जन्माला आलेला नाही. पायघसट्या म्हाताऱ्यासारखा चालायचा माझा मुलगा, आणि त्या दिवशी म्हणे असा पळाला की बघत राहावं. आतून त्याचा आवाज आला. हसत होता. "व्हर्नेल, वळव!" असं दोनदा ओरडला. मग वारा फिरला आणि चौथी बाजूही पेटली. आग विझल्यावर त्याला बाहेर काढला तेव्हा मला बघू देत नव्हते. मी बघितलं. तो पालथा पडला होता आणि हात पोटाशी घट्ट दुमडलेले. त्याला उलटा केला तेव्हा खाली ससा होता. सोडला नव्हता.

हे सगळं तू ऐकलं असशीलच, म्हणूनच फोन उचलत नाहीस, एवढं मला कळतं. तेव्हा आता माझं मागणं ऐक. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी त्याला नेतील. पण चर्चमध्ये जाण्याआधी त्याला जुन्या पद्धतीने घरी आणायचं असं मी ठरवलंय, सिस्टर ओफिलिया कितीही नाक मुरडो. शवपेटी बंदच राहील. उचलायला माणसं ठरली आहेत, कोच टिलमनही हट्टाने उभा राहतोय, गुडघे गेलेले असूनही. पेटीची पुढची डावी मूठ मी रिकामी ठेवलीय. ओफिलिया म्हणाली, माझा भाचा धडधाकट आहे, त्याला लावू. मी नाही म्हटलं. कोच म्हणाला, तो यायचा नाही, अर्नेस्टीन. मी म्हटलं, नियम आहे. पळणारा दमलाय, व्हर्नेल, त्याला आपल्या पायांनी घरी येता येणार नाही. ओसरीच्या पायऱ्या अरुंद आहेत आणि तिसरी हलते, तेवढी सांभाळ. मी जाळीच्या दारात उभी असेन. फुलं आणू नकोस. माफी मागू नकोस, मागितलीस तर सगळ्या गावादेखत टाळक्यात ठेवून देईन. त्याला माझ्यासमोर ठेव आणि ससा आणायचास तेव्हा म्हणायचास तेच म्हण, तेवढंच म्हण. मग आत ये आणि जेवायला बस.

दारात वाट बघणारी,
तुझीच,
मिस अर्नेस्टीन